बाहुलीचा हौद

परभणी जिल्ह्यात बारवांना तोटा नाही. वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव पाहावयास तर आता दूरदूरची माणसे येतात. काही वर्षांपूर्वी गावकऱ्यांनीच हातात टोपली-फावडे घेऊन तिच्यातला गाळ उपसला आणि बुजून गेलेल्या पायऱ्या पुन्हा उन्हात आणल्या. पण ह्या बारवा कोणी बांधल्या, असे एखाद्या म्हाताऱ्याला विचारून पाहावे. कोणी यादवांचे नाव सांगतो, कोणी एखाद्या राणीचे, कोणी सावकाराचे, बहुतेक वेळी उत्तर मिळते, "पूर्वीच्या लोकांनी." आपल्याकडे पाण्याचे पुण्य मोठे मानतात, पण पाणी देणाऱ्याचे नाव मात्र पाणी पिणाऱ्यांच्या ध्यानात फारसे राहत नाही.

पुण्यात एक हौद आहे. त्याच्या बाबतीत थोडे निराळे घडले. बांधणारा गृहस्थ नामांकित होता. शस्त्रवैद्य म्हणून त्याची कीर्ती होती, सरकारदरबारी मान होता, रावबहादूर ही पदवी होती. तरीही लोकांनी हौदाला त्याचे नाव दिले नाही. त्याच्या आठ वर्षांच्या मुलीला घरात लाडाने बाहुली म्हणत, असे सांगतात. तेच नाव हौदाला चिकटले. बुधवार पेठेत फरासखान्याजवळचा तो "बाहुलीचा हौद". ते गृहस्थ म्हणजे डॉक्टर विश्राम रामजी घोले.

पुण्याच्या शिवाजीनगर भागात घोले रोड म्हणून रस्ता आहे. महानगरपालिकेच्या एका क्षेत्रीय कार्यालयालाही त्याचे नाव आहे. कर भरावयास, दाखले काढावयास रोज शेकडो माणसे "घोले रोडला जाऊन येतो" म्हणून घराबाहेर पडतात. त्यांतील किती जणांना हे घोले कोण ते ठाऊक असेल, कोण जाणे. दिवाळीच्या अंकात, फराळाच्या ताटाशेजारी ठेवून वाचावयाच्या पानांत, त्यांची आठवण करावी असे वाटते. कारण डॉक्टरांची खरी परीक्षा इस्पितळात झाली नाही. ती त्यांच्या घरात झाली.

डॉक्टर घोले यांचा जन्म १८३३ सालचा. ते मूळचे कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्यातले, जातीने गवळी. त्या काळी अशा कुळातला मुलगा लिहावयास-वाचावयास शिकला तरी गावात चर्चा व्हावयाची, मग तो डॉक्टर होणे ही गोष्ट किती अपूर्व, हे आज आपल्याला सहज कळावयाचे नाही. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले. त्याची पहिली तुकडी १८५१ साली बाहेर पडली. तीत भाऊ दाजी लाड आणि आत्माराम पांडुरंग हे पुढे प्रसिद्धीस आलेले तरुण होते. त्याआधी कलकत्त्यास १८३६ साली मधुसूदन गुप्त ह्या वैद्याने मृतदेहाचे विच्छेदन केले, तेव्हा जणू धर्मच बुडाला असे अनेकांस वाटले होते. प्रेताला शिवल्यावर स्नान करणाऱ्या समाजात प्रेत फाडून शिकणारा माणूस घरात कसा घ्यावयाचा, हा प्रश्न त्या पिढीतील प्रत्येक डॉक्टरच्या नातलगांना पडलेला होता.

नोकरीतही वाट सोपी नव्हती. सर्जन म्हणजे गोरा साहेब, हे समीकरण ठरलेले. इंडियन मेडिकल सर्व्हिसची स्पर्धापरीक्षा १८५५ साली हिंदी लोकांना खुली झाली खरी आणि सूर्यकुमार चक्रवर्ती हे बंगाली गृहस्थ त्याच वर्षी तीत उत्तीर्णही झाले. पण ती परीक्षा व्हावयाची लंडनला. समुद्र ओलांडण्याचे बळ आणि पैसा ज्यांच्यापाशी नव्हता, त्यांच्यासाठी असिस्टंट सर्जन, सब-असिस्टंट सर्जन, हॉस्पिटल असिस्टंट अशा खालच्या पायऱ्या होत्या. घोले सैन्याच्या वैद्यकीय नोकरीत होते. पुढे पुण्यास येऊन ते तेथलेच झाले आणि त्यांचे उत्तर आयुष्य पुण्यातच गेले. व्हाइसरॉयचे मानद सर्जन हा बहुमानही त्यांना मिळाला. ज्या माणसाच्या आजोबा-पणजोबांना साहेबाच्या बंगल्याच्या फाटकाबाहेर उभे राहावे लागले असते, त्याच्या नावापुढे हे बिरुद लागले.

शस्त्रक्रियेच्या इतिहासात घोल्यांचा हयातीचा काळ मोठ्या उलथापालथीचा आहे. ते तेरा वर्षांचे होते तेव्हा, १८४६ साली, अमेरिकेत बोस्टन शहरी ईथर हुंगवून रुग्णाला बेशुद्ध करण्याचा प्रयोग जाहीरपणे यशस्वी झाला. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या सिम्सन ह्या डॉक्टरने क्लोरोफॉर्म आणले. त्यापूर्वी शस्त्रवैद्याचा गुण म्हणजे चपळाई. चार धटिंगणांनी रोग्याला दाबून धरावे आणि त्याचा आक्रोश कानांआड करून डॉक्टरने दोन-तीन मिनिटांत पाय कापून मोकळे व्हावे, अशी रीत होती. वेदना हटल्या, पण जखमा चिघळून रोगी दगावतच होते. १८६७ साली लिस्टर यांनी कार्बोलिक अॅसिडने जखम निर्जंतुक ठेवण्याचा आपला अनुभव प्रसिद्ध केला, तेव्हा घोले चौतिशीत होते. क्ष-किरणांचा शोध १८९५ सालचा. रक्ताचे गट सापडले १९०१ साली. डॉक्टर घोले १९०० सालीच गेले होते. म्हणजे आयुष्यभर ज्यांनी सुरी चालविली, त्यांना रोग्याचे रक्त वाहून गेले तर ते निर्धास्तपणे भरून देण्याचा उपाय अखेरपर्यंत लाभला नाही. पोट उघडणे म्हणजे तर जवळजवळ मरणाशीच गाठ. जठराचा रोगट भाग कापून रोगी वाचविण्याचा पहिला यशस्वी प्रयोग वियेन्नात बिलरोट यांनी केला, तोही १८८१ साली. हे साल ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

पुण्यात आल्यावर डॉक्टरांचा संबंध जोतीराव फुले यांच्या मंडळींशी जुळला. जोतीरावांनी १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या आणि रस्त्याने जाताना त्यांच्या अंगावर शेण-चिखल कसा पडला, हे महाराष्ट्रातील लहान मुलांनाही आता पाठ आहे. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला. ह्या समाजात शेतकरी होते, कंत्राटदार होते, माळी, कुणबी, तेली, साळी असे नाना जातींचे लोक होते. त्यांत सरकारी मान असलेला, इंग्रजी विद्या घेतलेला शस्त्रवैद्य येऊन बसला, ही समाजाला मोठीच आधाराची गोष्ट वाटली असली पाहिजे. पुढे समाजाचे अध्यक्षपदही डॉक्टरांकडे आले.

येथवरची हकीकत थोर पुरुषांच्या चरित्रांत असते तशीच आहे. गरीब कुळ, विद्या, कीर्ती, सुधारकांची संगत. पण सुधारणेच्या सभेत टाळ्या वाजविणे निराळे आणि ती सुधारणा आपल्या माजघरात आणणे निराळे. एकोणिसाव्या शतकातील कितीतरी मोठमोठ्या माणसांची गाडी नेमकी उंबरठ्याशी अडली. व्यासपीठावर बालविवाहाविरुद्ध बोलावयाचे आणि घरी वडिलांच्या शब्दाखातर नऊ-दहा वर्षांच्या मुलीशी बोहल्यावर उभे राहावयाचे, असे प्रसंग त्या काळी थोड्या जणांवर आले नाहीत. त्यांना हसण्याचे कारण नाही. आई-वडील, चुलते, भाऊबंद, जातीची पंगत हे सगळे सोडून जगावे कसे, हा प्रश्न तेव्हा खरोखरच पोटाचा आणि पाटाचा होता.

डॉक्टर घोल्यांची थोरली मुलगी काशीबाई. तिचा जन्म १८६९ सालचा. तिला शिकवावयाचे असे डॉक्टरांनी ठरविले. मुलगी हुशार होती, अक्षरे भराभर ओळखू लागली, असे सांगतात. आणि येथेच घरात कुजबुज सुरू झाली. शिकलेल्या बाईचा नवरा मरतो, ही समजूत त्या वेळी केवळ अडाण्यांचीच नव्हती. चांगल्या घरांतील वडीलधाऱ्या बायकाही ती मनापासून खरी मानीत. आपल्या नातीच्या कपाळी वैधव्य येऊ नये म्हणून तिच्या हातची पाटी काढून घेणारी आजी दुष्ट नसे. ती भ्यालेली असे. विरोध करणारे हे लोक कोणी परके शास्त्री-पंडित नव्हते. डॉक्टरांच्या पंगतीला बसणारे, सणासुदीला घरी येणारे, मुलीच्या बारशाला पाळण्याची दोरी धरलेले असे ते आप्तच होते.

सप्टेंबर १८७७ मध्ये काशीबाई वारली. वय वर्षे आठ.

पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत ते असे, की मुलीच्या शिक्षणाचा राग येऊन नातलगांपैकी कोणी तरी तिला काच कुटून घातलेला लाडू खावयास दिला आणि पोटात रक्तस्राव होऊन ती गेली. बाहुलीच्या हौदाविषयी कोठेही लिहून आले की ही हकीकत सांगितली जातेच. इतिहासाच्या वाचकाने मात्र येथे क्षणभर थांबावे. हौदावरच्या लेखात काशीबाईचे नाव आहे आणि तिच्या जन्म-मृत्यूची नोंद आहे. हकीकत आली आहे ती लोकांच्या तोंडून. आजचे वैद्यक असेही सांगते की अगदी बारीक दळलेली काच पुष्कळदा अपाय न करता पोटातून निघून जाते. मोठे धारदार तुकडे मात्र आतडे फाडू शकतात. म्हणून ही गोष्ट कोर्टातला पुरावा म्हणून पुढे ठेवता येणार नाही.

पण मग ती टाकून द्यावयाची काय? तसेही नव्हे. एखाद्या गावातील माणसे शंभर-सव्वाशे वर्षे एक गोष्ट सांगत राहतात, ती त्यांना संभाव्य वाटते म्हणून. मुलगी वाचावयास शिकली एवढ्यासाठी घरचेच कोणी तिच्या जिवावर उठू शकते, हे त्या काळाला अशक्य वाटले नाही. ऐकणाऱ्यांनी "छे, असे कसे होईल" असे म्हटले नाही. एवढीच साक्ष पुष्कळ आहे. सावित्रीबाईंच्या अंगावर पडलेला चिखल धुऊन टाकता आला. पण माजघरात साचलेली भीती धुऊन काढावयास पाणी कोठून आणावयाचे?

आता त्या बापाकडे पाहावे. काशीबाईला काय झाले ते नेमके कोणाला सांगता येत नसले, तरी ज्या घरात ती गेली ते घर पुण्यातल्या नामांकित शस्त्रवैद्याचे होते. दुसऱ्यांच्या मुलांच्या जखमा त्याने शिवल्या असतील, परक्यांच्या हाडांना फळ्या बांधल्या असतील. स्वतःच्या मुलीच्या बाबतीत ते हात रिकामे राहिले. लोक सांगतात तसे पोटातले दुखणे असेल, तर १८७७ साली त्यावर सुरी चालविण्याचे धाडस साऱ्या जगात क्वचितच कोणी केले असते. बिलरोट यांच्या शस्त्रक्रियेला अजून चार वर्षे अवकाश होता. बापाला उपाय ठाऊक नसणे हे दुःख असते. उपाय जगातच नाही हे ठाऊक असणे, हे त्याहून कठीण दुःख.

ते वर्षही दुष्काळाचे होते. १८७६ ते १८७८ ह्या काळात दख्खनमध्ये जो भीषण दुष्काळ पडला, त्यात खेड्यांतून माणसे पुण्याच्या रस्त्यांवर येऊन पडत होती. सत्यशोधक मंडळींनी धनकवडी येथे मुलांसाठी अन्नछत्र चालविले. जोतीरावांनी त्यासाठी मे १८७७ मध्ये लोकांकडे मदत मागितली. समाजातील माणसे दुसऱ्यांची पोरे जगविण्याच्या खटपटीत असतानाच, चार महिन्यांनी डॉक्टरांच्या घरी हा घाला पडला. सप्टेंबरात मुलगी गेली आणि नोव्हेंबरच्या आरंभी दिवाळी आली. तिच्या पाठची भावंडे असतील त्या घरातली ती दिवाळी कशी गेली असेल, ह्याची कल्पना ज्याची त्याने करावी.

अशा प्रसंगी माणसापुढे दोन वाटा असतात. एक म्हणजे हात आखडणे. "झाले ते झाले, आता दुसरीचा तरी जीव वाचू दे, नको ते शिक्षण" असे कोणी म्हटले असते तर त्या बापाला दोष देणारा भेटला नसता. दुसरी वाट डॉक्टरांनी धरली. त्यांनी दुसरी मुलगी गंगूबाई हिला शिकविले.

हे वाक्य लिहावयास सोपे आहे. ते जगावयास किती अवघड गेले असेल! त्याच घरात, त्याच नातलगांच्या देखत, त्याच स्वयंपाकघरातून येणारे ताट दुसऱ्या मुलीपुढे ठेवून तिच्या हाती पुन्हा पाटी-पेन्सिल द्यावयाची. तिच्या आईच्या जिवाची काय घालमेल होत असेल? मुलीने शाळेतून यावयास थोडा उशीर केला तर घरातली कोणकोणती माणसे दाराशी येऊन उभी राहत असतील? सुधारणेचा इतिहास आपण ठराव, सभा, कायदे ह्यांतून वाचतो. पण तो घडला आहे तो अशा दाराशी उभ्या राहिलेल्या माणसांमुळे.

मुंबईला त्याच सुमारास दुसऱ्या एका डॉक्टरच्या घरी असाच प्रसंग निराळ्या रीतीने चालला होता. असिस्टंट सर्जन सखाराम अर्जुन यांची सावत्र मुलगी रखमाबाई. सावत्र बापाने तिला पोटच्या पोरीप्रमाणे वाढविले, वाचनाची गोडी लावली. लहानपणी लागलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे जाण्यास ती नाही म्हणाली आणि १८८४ साली तिच्यावर दावा झाला, तेव्हा ते तिच्या पाठीशी राहिले. खटल्याचा शेवट पाहावयास ते उरले नाहीत. १८८५ सालीच त्यांचे निधन झाले. रखमाबाई पुढे विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोट येथे त्यांनी आयुष्यभर रुग्णसेवा केली. सखाराम अर्जुन आणि विश्राम घोले, दोघेही शस्त्रवैद्य, दोघेही मुलींचे बाप. मृतदेह उघडून पाहिलेल्या ह्या माणसांना एक गोष्ट पक्की कळून चुकली असावी: बाईच्या डोक्यात आणि पुरुषाच्या डोक्यात मेंदू एकच आहे. शास्त्राने शिकविलेले हे सत्य त्यांनी घरापर्यंत आणले, हा त्यांचा मोठेपणा.

डॉक्टरांनी काशीबाईच्या स्मरणार्थ काय करावे? देऊळ बांधता आले असते, ब्राह्मणभोजने घालता आली असती, एखाद्या संस्थेला देणगी देऊन तसबीर लावता आली असती. त्यांनी १८८० च्या सुमारास पाण्याचा हौद बांधला आणि तो सर्व जातींच्या लोकांना खुला ठेवला.

ह्यातले मर्म कळावयास जुन्या पुण्याची पाण्याची व्यवस्था थोडी समजून घेतली पाहिजे. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून शहरात आणले. डोंगराच्या पायथ्यापासून शनिवारवाड्यापर्यंत उताराने वाहत येणारे ते पाणी वाटेत ठिकठिकाणच्या हौदांत पडे. फडके हौद, बदामी हौद, साततोटी हौद ही नावे पुण्यात अजून चालतात. पुष्कळ ठिकाणी पाणी गेले आणि नुसते पत्ते उरले. सकाळ-संध्याकाळ बायकांची तेथे झुंबड उडावयाची. पण हौद सार्वजनिक असला तरी सर्वांचा नसे. कोणी घागर बुडवावयाची, कोणी दुरून ओंजळ पसरावयाची आणि कोणी त्या बाजूस फिरकावयाचेच नाही, हे जन्मानेच ठरलेले असे. १८७९ साली खडकवासल्याचे धरण पुरे झाले आणि शहराला नवे पाणी मिळू लागले. तरी पाण्याचा विटाळ नव्या पाण्यातही तसाच विरघळलेला होता.

पाण्याचा आणि मरणाचा संबंध तेव्हाच्या डॉक्टरांना चांगला माहीत होता. लंडनमध्ये जॉन स्नो यांनी १८५४ साली पटकीचे मूळ एका पंपाच्या पाण्यात दाखवून दिले होते. १८८३ सालच्या अखेरीस रॉबर्ट कॉख कलकत्त्यास आले आणि १८८४ साली त्यांना पटकीचे जंतू तेथल्या एका तळ्याच्या पाण्यात आढळले. ज्या माणसाला चांगले पाणी मिळत नाही तो डबक्याचे पिणार आणि त्याची पोरे पटकीने मरणार, हे कळावयास वैद्यकाची पदवीही लागत नाही. अस्पृश्यांना हौद खुला करणे म्हणजे दयेचे काम तर खरेच, पण ते वैद्यकाचेही काम होते.

आणि तो हौद मुलीच्या नावाचा. ज्या मुलीला अक्षरे नाकारली गेली, तिच्या नावाने, ज्यांना पाणी नाकारले गेले त्यांना पाणी. हा जोड डॉक्टरांनी शब्दांत कोठे मांडला असेल-नसेल. हौदाने तो मांडून ठेवला आहे. वाचता न येणारी बाई तेथे घागर भरावयास आली की तिच्या डोळ्यांपुढे दगडात कोरलेला लेख असावयाचा. "हे काय लिहिले आहे?" असे एखाद्या बाईने कोणा शाळकरी पोराला विचारले असेल, आणि त्याने काशीबाईचे नाव वाचून दाखविले असेल. वाचू न शकणाऱ्या बायकांच्या तोंडी वाचू इच्छिणाऱ्या मुलीचे नाव रुळले ते असेच काही तरी होऊन.

हौद बांधून डॉक्टर अलिप्त झाले नाहीत. १८८४ साली पुण्यात हुजूरपागेची मुलींची शाळा सुरू झाली. ज्या शहरात एका मुलीच्या पाटीवरून घर पेटत होते, तेथे मुलींचे हायस्कूल उभे राहिले. जोतीरावांशी डॉक्टरांचा स्नेह अखेरपर्यंत टिकला. मे १८८८ मध्ये मुंबईत लोकांनी जोतीरावांना महात्मा ही पदवी दिली आणि लवकरच त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. त्या आजारात डॉक्टर घोले यांनी त्यांच्यावर उपचार केले. जोतीराव त्यातून पुष्कळ सावरले आणि उजवा हात चालेना तेव्हा डाव्या हाताने त्यांनी आपला अखेरचा ग्रंथ, सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक, लिहून काढला. तो छापून निघाला १८९१ साली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले होते. अर्धांगावर तेव्हा रामबाण औषध नव्हतेच. पथ्य, शुश्रूषा आणि रोज येऊन नाडी पाहणारा, धीर देणारा वैद्य, एवढेच हातचे. पण त्या दोन वर्षांत लिहिलेली पाने मराठी माणसाच्या हाती आली, त्या श्रेयातला थोडा वाटा उशाशी बसलेल्या त्या मित्राचाही आहे.

पुढे प्लेग आला. १८९७ साली पुणे ओस पडले. रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या. त्यांचा दत्तक मुलगा यशवंत हाही डॉक्टर होता आणि त्याच्याच दवाखान्यात त्या रोग्यांना आणीत होत्या. जोतीराव-सावित्रीबाईंच्या भोवतालची ती पहिली पिढी अशी एकेक करून निघाली. १९०० साली डॉक्टर विश्राम रामजी घोले यांनी देह ठेवला. वय सदुसष्ट.

मोठा शस्त्रवैद्य गेला की त्याच्या मागे काय राहते? त्याने शिवलेल्या जखमांचे व्रण रोग्यांच्या अंगावर राहतात आणि रोग्यांबरोबर तेही जातात. कवीची कविता राहते, शिल्पकाराची मूर्ती राहते. शस्त्रवैद्याचे काम जितके चांगले, तितके ते दिसेनासे होते. चांगली बसलेली टाके-शिवण काही वर्षांनी शोधूनही सापडत नाही. डॉक्टर घोल्यांच्या हातून किती लोक बरे झाले, त्यांच्या वंशजांपैकी किती जण आज हिंडत-फिरत आहेत, ह्याचा हिशेब करावयास साधन नाही. त्यांच्या नावाचा रस्ता आहे, पण तो आता निव्वळ पत्ता झाला आहे.

हौदाचेही तसेच. आज पुणे त्या पाण्यावर जगत नाही. नळ घरोघर आले. घागरी जाऊन बादल्या आल्या, बादल्या जाऊन टाक्या आल्या. मुलींच्या शाळेविषयी तर बोलावयासच नको. परभणीसारख्या जिल्ह्यातही खेड्यापाड्यांतून मुली सायकलीवर शाळेत जातात, वैद्यकीय महाविद्यालयांत मुलांच्या बरोबरीने बसतात, आणि आजच्या रुग्णालयांत शस्त्रक्रियेच्या टेबलाशी हातमोजे चढवून उभ्या राहिलेल्या कितीतरी सर्जन ह्या बायका आहेत. काशीबाईच्या वयाची मुलगी घरात वाचू लागली तर आता कोणी दचकत नाही.

तरी एक जागा अजून तशीच आहे, आणि वाचकहो, तेवढ्यासाठीच ही आठवण. मुलीला शिकवावयास आज कोणाची हरकत नसते. पण ती शिकली आणि तिने स्वतःच्या मनाने काही ठरविले, की माजघरातली कुजबुज आजही सुरू होते. "इतके कशाला?" "लोक काय म्हणतील?" "तिच्याच भल्यासाठी सांगतो." काळजीच्या पोटी बोललेली ही वाक्ये प्रत्येक घरात असतात. काशीबाईच्या घरातही ती असतील. भीती आणि प्रेम एकाच ताटात वाढले जाते, आणि कोणता घास कशाचा, हे लहान मुलीला कळत नाही. ते थोरांनी पाहावयाचे असते. डॉक्टर घोल्यांना ते पाहावयाची किंमत एका मुलीने मोजावी लागली. तरी दुसरीच्या हातची पाटी त्यांनी काढून घेतली नाही.

पुण्यास कधी जाणे झाले तर फरासखान्याजवळ थांबून तो हौद अवश्य पाहावा. बरोबर मुली-नाती असतील तर त्यांनाच लेख वाचून दाखवावयास सांगावे. त्या वाचू शकतील.